लिहून खेळायचा आरपीजी मधेच का थांबतो? या चुका टाळा

आम्ही बेळगावकडचे पाच जण. एक शहापूरचा, एक खानापूरची, एक निपाणीचा, एक पुण्याला नोकरीला गेलेला आणि मी टिळकवाडीत. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या धर्तीचा आरपीजी, म्हणजे पात्रं होऊन खेळायचा गोष्टीचा खेळ, खेळायचा तर पाचही जण एका टेबलाभोवती चार तास बसले पाहिजेत. आमचे असे चार तास वर्षातून एकदा जुळतात, तेही गणपतीत, आणि तेव्हा निम्मा वेळ आरत्यांत जातो. म्हणून लिहून खेळायला लागलो. आधी हौसेनं खरोखरची पत्रं टाकली, मग व्हॉट्सअॅपचा ग्रुप केला. पहिले तीन खेळ अर्ध्यावर थांबले, चौथा अजून चालू आहे. मधल्या काळात जे शिकलो ते इथे लिहितोय.

खेळ माहीत नसेल तर थोडक्यात: एक जण गोष्ट चालवतो, त्याला आम्ही मास्तर म्हणतो. बाकीचे एकेक पात्र होतात आणि अवघड जागी फासे, बहुतेकदा वीस बाजूंचा फासा, निकाल देतात. टपालानं खेळायची कल्पना या खेळाहूनही जुनी. डंजन्स अँड ड्रॅगन्स 1974 साली आला, पण डिप्लोमसी नावाचा पटावरचा खेळ अमेरिकेत 1963 पासूनच पत्रानं खेळला जात होता.

नुसतं ‘काय करता?’ विचारून थांबणं

ही सगळ्यात मोठी चूक, आणि ती मास्तरची. म्हणजे माझी. पहिल्या खेळात मी लिहिलं होतं: ‘भीमगडाच्या पडक्या वाड्यात तुम्ही एका दारापाशी येता. काय करता?’ टेबलावर हे चालतं. लिहून खेळताना असं झालं: सोमवारी प्रश्न आला, ‘दार कसलंय?’ मंगळवारी मी लिहिलं, ‘लाकडी.’ बुधवारी, ‘कुलूप आहे?’ गुरुवारी, ‘आहे.’ शनिवारी शहापूरकर म्हणाला, ‘मास्तर, तूच सांग की गा आता.’ आठवडा गेला आणि दाराला कुणी हातही लावला नाही.

तेच दार मी आता असं लिहितो: ‘दार सागवानी, कुलूप बाहेरून. खालच्या फटीतून दिव्याचा उजेड हलतोय. आत कुणीतरी कन्नडमध्ये मोजतंय: ओंदु, एरडु, मूरु... आणि पुन्हा ओंदु. चोराच्या नजरेला धुळीत तीन माणसांची पावलं दिसतात, आत जाणारीच.’ विचारलं जाणार ते आधीच सांगून टाकलं. कुणाला काय दिसलं यासाठी फासेही टाकायला लावत नाही. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीच्या नियमांत निरीक्षणाचा ठरलेला आकडा असतो, 10 अधिक त्या पात्राचे निरीक्षणाचे गुण. तो माझ्या वहीत लिहिलेलाच आहे.

खेळाडूंचीही यात अर्धी जबाबदारी आहे. पत्रानं बुद्धिबळ खेळणारे एकाच पत्रात पुढच्या चालीही कळवतात: तू अमुक खेळलास तर माझं तमुक. खानापूरकरीण तशीच लिहिते: ‘कुलूप उघडायला बघते. उघडलं तर आधी दिवा विझवते. नाही उघडलं तर भिंतीला चिकटून थांबते. आतला बाहेर आलाच तर पाय आडवा घालते.’ एका उत्तरात तीन दिवसांचं काम झालं. ही मुलगी टेबलावर दोन वाक्यांच्या वर बोलत नसे, बडबड्यांच्या गलक्यात तिची पाळीच निघून जायची. लिहायला लागल्यावर कळलं की सगळ्यात पाताळयंत्री डोकं तिचंच आहे.

आणि ‘तुम्ही ठरवा, माझं काही नाही’ हे वाक्य ग्रुपवर बंद करा. चौघांनी ‘तुम्ही घ्या, तुम्ही घ्या’ म्हणत शेवटची पोळी वाळवावी, तसा खेळ वाळतो. आमच्याकडे नियम असा, की फाटा आला तर पहिला जे लिहील तिकडे सगळे जातात. कुरकुर करायची तर पात्राच्या तोंडून करा.

लढाई टेबलासारखी खेळणं

हिशोब करून बघा. चार खेळाडू आणि शत्रूची एक पाळी, म्हणजे एका फेरीत पाच पाळ्या. चार फेऱ्या झाल्या तर वीस. क्रमानं एकेकाची वाट बघत रोज एकच पाळी झाली, तर टेबलावर तासाभरात संपणाऱ्या मारामारीला वीस दिवस. दुसरा खेळ आम्ही असाच घालवला. कणकुंबीच्या रानात लांडग्यांशी लढायला सुरुवात केली तेव्हा ऊन होतं, संपायच्या आत पाऊस लागला.

आता क्रम लावतच नाही. समजा बुधवार ठरला, तर रात्रीपर्यंत चौघांनी आपापलं कधीही, कुठल्याही क्रमानं लिहायचं. गुरुवारी मी सगळं एकत्र गुंफून फेरीचा निकाल देतो. शत्रूचा बचावाचा आकडा लपवत नाही, ‘लांडग्याला लागायला 13 हवेत’ असं उघड सांगतो. मग खेळाडू वार आणि इजा यांचे फासे एकदमच टाकतो, मला विचारायला परत येत नाही. थोडी गंमत जाते, मान्य. शेवटच्या क्षणी 20 पडल्यावर टेबलावर जो आरडाओरडा होतो, तो लिहून होत नाही. त्याला इलाज नाही.

फाशांचं भांडण आधी न मिटवणं

ग्रुपवर फाशाचा फोटो टाकला की झालं. खऱ्या पत्रांत मात्र ‘मला 19 पडले’ यावर कोण विश्वास ठेवणार? टपालानं युद्धखेळ खेळणाऱ्या अमेरिकन लोकांनी यावर नामी तोड काढली होती: वर्तमानपत्रात छापून येणाऱ्या शेअर बाजाराच्या आकड्यांचा शेवटचा अंक हाच फासा. आम्ही सेन्सेक्स घेतला. बंद आकड्याचे दशांशानंतरचे दोन अंक घ्यायचे, 20 ने भागायचं, उरेल ती बाकी, आणि शून्य उरलं तर 20. 00 ते 99 मध्ये प्रत्येक बाकी बरोबर पाचदा येते, त्यामुळे कुणावर अन्याय नाही. सहा बाजूंच्या फाशाला मात्र 96 ते 99 सोडून द्यावे लागतात, नाहीतर हिशोब तिरका होतो. दिवस कुठला तेही आधीच ठरवा: पत्रावर शिक्का पडेल त्याच्या पुढच्या आठवड्यातला गुरुवार. आकडा बघून पत्र टाकणारे महाभाग असतात.

सगळ्यांनी ‘चांगलं मराठी’ लिहावं असा हट्ट

हे आपल्या भागाचं खास दुखणं. शहापूरकराचं घर मराठी, शाळा कन्नड. टेबलावर तो बोलायला लागला की बाकीचे खेळ विसरून ऐकत बसायचे. ग्रुपवर मात्र एकदम मुका. मला वाटलं, कंटाळला. शेवटी घरी गेलो तेव्हा त्यानं वही दाखवली. पात्राची अख्खी गोष्ट लिहून काढली होती, भाषा आमचीच मराठी, पण अक्षरं कन्नड. देवनागरीत सावकाश लिहावं लागतं आणि वेलांट्या चुकतात म्हणून पाठवत नव्हता. पुण्याचा एकदा त्याच्या ऱ्हस्व-दीर्घावर हसला होता, ते मनात राहिलेलं. आता तो दीड मिनिटाचा आवाज पाठवतो, मी उतरवून घेतो. तुमच्या गटात कुणी गप्प झालं असेल तर त्याला उगाच आळशी ठरवू नका. बोलून, रोमनमध्ये, कसंही चालेल म्हणून सांगा.

सुट्ट्या न धरणं

निपाणीकराचा ऊस तुटायला लागला की तो दोन आठवडे गायब. शिवजयंतीच्या चित्ररथांच्या वेळी दोघं मंडळात. पावसाळ्यात खानापूरकडे कधी लाईट नाही, कधी रेंज नाही. हे दरवर्षी होतं, मग दरवर्षी रुसायचं कशाला? तारखा आधीच वहीत लिहा. अचानक कुणी दोन दिवस गप्प राहिला तर त्याचं पात्र मास्तर चालवेल, पण जपून: मरू देणार नाही, पैसे खर्च करणार नाही. मोठी सुट्टी असेल तर पात्र चोर्ला घाटात पहाऱ्याला बसतं. निपाणीकराचं पात्र तिथे इतक्यांदा बसलंय की आता त्याची तिथे चहाची टपरी आहे.

पत्रांवर क्रमांक न घालणं

खरी पत्रं टाकणार असाल तर अंतरावरून दिवस मोजू नका. निपाणीचा पिन 591237, शेजारच्या कागलचा 416216. पहिल्या आकड्यालाच टपालाचा विभाग बदलतो. वर ठळक क्रमांक घाला आणि मागच्या पत्रातलं एक वाक्य पुन्हा लिहा. आम्ही हे केलं नव्हतं. माझं सातवं पत्र निपाणीला आधी पोचलं आणि सहावं चार दिवसांनी. सातव्यात देवळाचा पुजारी मेलेला, आणि नंतर आलेल्या सहाव्यात तोच प्रसाद वाटत उभा. मी खुलासा करायला फोन केला, पण निपाणीकरानं ऐकून घेतलं नाही. त्यानं प्रसाद घेतला होता, पुजारी भूत आहे हे ओळखलं होतं आणि तसं उत्तर पेटीत टाकूनही झालं होतं. पुजारी अजून भूतच आहे.