पाय दुखला की गरम पाण्याची बादली? आधी या चुका टाळा

आमच्या घरात पायाच्या कुठल्याही दुखण्यावर एकच इलाज होता. बादलीभर कढत पाणी आणि मूठभर खडेमीठ. घोटा मुरगळला, बुडवा पाय. टाच धरली, बुडवा. चिखल्या झाल्या, तरी बुडवा. दिवसभर उभं राहून थकलेल्या पायांना त्याने बरं वाटतं, हे खरंच आहे. पण त्याच बादलीपायी माझ्या आत्याचा पाय जाता जाता वाचला.

मुरगळलेला घोटा चोळू नका

मुरगळताना बहुतेक वेळा पाऊल आतल्या बाजूला वळतं आणि घोट्याच्या बाहेरच्या अंगाची लिगामेंट (हाडाला हाड बांधून ठेवणारी चिवट पट्टी) ताणली जाते किंवा फाटते. आत रक्त उतरतं, सूज चढते. अशा वेळी गरम शेक दिला किंवा तेल लावून रगडलं की सूज आणखी वाढते. ‘शीर चढलीय, उतरवून देतो’ असं कोणी म्हणालं तर पाय त्याच्या हातात देऊ नका. हाड मोडलेलं असेल तर त्या हिसक्याने ते जागचं हलेल.

पहिले दोन-तीन दिवस बर्फच बरा. रुमालात गुंडाळून 15-20 मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. कातडीवर थेट ठेवू नका. झोपताना पायाखाली दोन उशा घ्या. आंबेहळदीचा लेप लावायचाच असेल तर गरम न करता लावा आणि चोळू नका. क्रेप बँडेज बोटांच्या मुळापासून वर घोट्याकडे गुंडाळत न्या. पुष्कळजण ते नुसतं घोट्याभोवती आवळतात आणि मग पाऊल फुगतं. बोटं निळसर पडली किंवा मुंग्या आल्या तर लगेच सैल करा.

‘चालता येतंय म्हणजे हाड मोडलं नाही’ हा समज मी कितीतरी घरांत ऐकला आहे. तसं काही नसतं. कॅनडातल्या ओटावाच्या डॉक्टरांनी 1992 मध्ये यासाठी काही साधे नियम मांडले, ते आजही वापरले जातात. घोट्याच्या दोन्ही बाजूंना जी हाडं वर आलेली असतात, त्यांच्या मागच्या कडेवर टोकापासून 6 सेंटिमीटरपर्यंत दाबून बघा. तिथे हाडावरच दुखलं, किंवा पडल्या पडल्या आणि नंतरही लंगडत का होईना चार पावलं टाकता आली नाहीत, तर एक्स-रे काढायचा. करंगळीच्या रेषेत, पावलाच्या बाहेरच्या कडेला मध्यावर एक उंचवटा लागतो. तिथे दाबल्यावर दुखलं तरीही काढायचा. पायाला मुंग्या येत असतील, बधिरपणा असेल किंवा माणूस फार वयस्कर असेल, तर या चाचणीवर विसंबू नका, सरळ दाखवून घ्या.

आणि हाड शाबूत आहे म्हटल्यावर तीन आठवडे पलंगावर पडून राहणं ही पुढची चूक. कळ कमी झाली की घोटा हलवायला लागा, सोसेल तेवढं चाला. नंतर ओट्याचा कठडा धरून दुखऱ्या पायावर अर्धा मिनिट उभं राहायची सवय लावा. लिगामेंट फाटली की घोट्याचा तोल जातो. तो परत आणला नाही तर साध्या पायरीवरही तोच घोटा पुन्हा मुरगळतो. ‘माझा हा पाय कच्चाच आहे’ म्हणणाऱ्या बऱ्याच जणांची गोष्ट इथूनच सुरू झालेली असते.

टाचेत ‘हाड वाढलंय’ म्हणून घाबरू नका

सकाळी उठल्यावर पहिली पावलं टाकताना टाचेत सुई टोचल्यासारखी कळ येते आणि चार पावलं चाललं की कमी होते. हे दुखणं बहुतेकदा तळव्याच्या जाड पट्ट्याचं असतं. एक्स-रेत हाडाचा काटा दिसला की लोक धास्तावतात, पण टाच कधीच न दुखलेल्या पुष्कळांनाही तसा काटा असतो. गरम पाण्याने इथे तासभर बरं वाटेल, दुखणं जाणार नाही. पलंगावरून उतरायच्या आधी ओढणी किंवा टॉवेल चवड्याला अडकवून पाऊल स्वतःकडे ओढा, 30 सेकंद, तीन वेळा. पोटरीचा ताणही रोज द्या. घरातल्या टणक फरशीवर अनवाणी उभं राहून स्वयंपाक करू नका, मऊ चप्पल घाला. याला काही महिने लागतात. आठवड्यात फरक नाही म्हणून सोडून देणं किंवा इंजेक्शनामागून इंजेक्शन घेणं, दोन्ही टाळा.

तरुण वयात दोन्ही टाचा दुखतात आणि सकाळी कंबरही आखडते, असं असेल तर मात्र डॉक्टरांना दोन्ही गोष्टी एकत्र सांगा.

चिखल्या आणि भेगा

चिखल्यांना पाणी नको, कोरडेपणा हवा. पाय धुतल्यावर बोटांच्या बेचक्या, विशेषतः करंगळीशेजारची, फडक्याने टिपून घ्या. मेडिकलमधून ‘खाज लगेच थांबेल’ म्हणून दिलेल्या मलमात स्टिरॉइड असेल तर खाज थांबते आणि बुरशी आत फोफावत राहते. भेगांना कोकमाचं तेल चांगलं, पण बेचक्यांत लावू नका. आणि भेगा ब्लेडने तासू नका.

ज्या पायाला दुखत नाही, त्याला जपा

आत्याला मधुमेह होऊन बरीच वर्षं झाली होती. पाय ‘जड’ वाटतात म्हणून ती रोज संध्याकाळी बादलीत पाय सोडून बसायची. एकदा फरशीवर तिच्या पावलांमागे ओले ठसे दिसले. आम्हाला वाटलं, पाय नीट पुसले नाहीत. वहिनीने पाऊल उचलून बघितलं तर तळव्यावर पेरूएवढा फोड फुटलेला, कातडी लोंबत होती. आत्या विचारत होती, ‘काय गं, काय झालं?’ तिला काहीच जाणवलं नव्हतं. पुढचे अडीच महिने रोज ड्रेसिंग.

मधुमेहात पायाची जाणीव हळूहळू जाते. म्हणून अशा माणसाने पायाने पाण्याचा अंदाज घेऊ नये, कोपर बुडवून बघावं किंवा दुसऱ्या कुणाला बघायला सांगावं. शेकाची पिशवी नको. कुरूप कापू नका आणि कॉर्न कॅपही लावू नका. त्यातलं सॅलिसिलिक ॲसिड चांगली कातडीही खातं. नखं सरळ कापा. चप्पल-बूट घालण्याआधी झटका. वैशाखात दुपारी देवळाच्या दगडी प्रदक्षिणामार्गावर अनवाणी चालू नका, दर्शन सकाळी घ्या. रात्री तळव्याखाली आरसा धरून बघा.

मधुमेही माणसाचा पाय अचानक सुजला, लाल झाला, दुसऱ्यापेक्षा गरम लागतोय पण फारसा दुखत नाही, तर घरचे म्हणतात मुरगळला असेल. तो शार्को पाय असू शकतो. आत हाडं ठिसूळ होऊन मोडत असतात, आणि दुखत नाही म्हणून माणूस त्यावर चालत राहतो. पावलाची कमान कायमची कोसळते. अशा पायावर भार टाकू नका आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

वर्षातून एकदा तपासणीला जाल तेव्हा 10 ग्रॅमच्या मोनोफिलामेंटने पाय तपासायला सांगा. नायलॉनचा एक धागा तळव्यावर टेकवतात आणि डोळे मिटून तुम्ही ‘लागलं’ म्हणायचं. दोन मिनिटं लागतात. आत्याला बहुतेक ठिकाणी तो टेकलेला कळलाच नाही, आणि ही तपासणी तिची पहिल्यांदा झाली ती भाजल्यानंतर.