ओहोटीची वेळ पाहिली, उंची नाही पाहिली : अंदमानच्या अभ्यास-सहलीला निघालेल्यांसाठी

नोव्हेंबर लागला की ओळखीच्या ओळखीतून एमएस्सीच्या पोरांचे मेसेज यायला लागतात. ताई, बूट कुठले घेऊ? स्नॉर्केल भाड्याने मिळतं का? बोट लागते त्याची गोळी कुठली? सगळे प्रश्न रास्त आहेत. पण इतक्या वर्षांत एकाही पोराने किंवा पोरीने मला विचारलेलं नाही की, ताई, तिथी कुठली धरू?

मीही विचारलं नव्हतं. म्हणून हे लिहिते आहे.

आमची बॅच 22 जणांची. डिसेंबरात पाच रात्री, त्यातल्या तीन नील बेटावर. कागदोपत्री ते 2018 पासून शहीद द्वीप आहे आणि पोर्ट ब्लेअर 2024 पासून श्री विजयपुरम, पण जेटीवर अजून जुनीच नावं ऐकू येतात. माणशी 32 हजार रुपये. माझ्या बाबांनी ते दोन हप्त्यांत दिले होते आणि दुसरा हप्ता देताना कुठून आणले ते सांगितलं नव्हतं. तारखा ठरवल्या ट्रॅव्हल एजंटने, विमान कधी स्वस्त पडतं ते बघून. सरांनी सही केली. माझ्या प्रकल्पाचं नाव भारदस्त होतं: नील बेटाच्या भरती-ओहोटीच्या पट्ट्यातल्या प्रवाळांची आणि त्यांच्या आसऱ्याने राहणाऱ्या मृदुकाय प्राण्यांची गणना. थोडक्यात, पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या प्रवाळी सपाटीवर क्वाड्रॅट, म्हणजे ठरावीक मापाची चौकट, टाकायचा आणि आत काय काय आहे ते मोजायचं.

मी बेफिकीर नव्हते. भरती-ओहोटीचं कोष्टक काढलं होतं. पोर्ट ब्लेअर हे त्या कोष्टकांमधलं मुख्य बंदर आहे आणि नील तिथून फार लांब नाही. पहिल्या दिवशी ओहोटी सकाळी दहाच्या सुमारास. मला आनंदच झाला. नाश्ता करून निघायचं, जेवायला परत. दुसऱ्या दिवशी पाऊण-एक तास उशिरा, तिसऱ्या दिवशी आणखी उशिरा. किती सोयीचं!

दहा वाजता लक्ष्मणपूरच्या किनाऱ्यावर पोचलो. पाणी मांडीपर्यंत. वाट बघितली. सव्वादहा, साडेदहा. पाणी मांडीपर्यंतच. मग ते हळूहळू चढायला लागलं. नारळपाणी विकणारे एक बंगाली काका मघापासून आमच्याकडे बघत होते. शेवटी न राहवून म्हणाले, "मॅडम, पूनम के बाद आना था."

त्या दिवशी अष्टमी होती. भांगाची ओहोटी, म्हणजे पाणी सगळ्यात कमी ओसरतं त्या दिवसांतली.

आता हे जरा सविस्तर सांगते. शाळेत भूगोलात आपण सगळ्यांनीच हे वाचलेलं असतं, आणि त्यामुळेच आपण सगळे यात फसतो. कोष्टकात प्रत्येक ओहोटीपुढे दोन आकडे असतात, वेळ आणि उंची. आपण वेळ वाचतो आणि कोष्टक बंद करतो. उंची मीटरमध्ये असते, आणि ती समुद्राच्या सरासरी पातळीपासून मोजलेली नसते. ज्याच्या खाली पाणी सहसा जात नाही अशी एक पातळी नकाशासाठी शून्य धरतात, उंची तिच्यापासून मोजलेली असते. त्यामुळे ओहोटीपुढे 0.9 दिसलं तर त्याचा अर्थ पाणी जेमतेम ओसरणार, आणि 0.2 किंवा 0.3 दिसलं तर सपाटी उघडी पडणार. माझ्या वहीत त्या दिवशीचा आकडा 0.9 असा माझ्याच अक्षरात लिहिलेला आहे. लिहिला होता मी. वाचला नव्हता.

मुंबई-रत्नागिरीच्या पोरांना आणखी एक अडचण. पावसाळ्यात आपण पेपरात साडेचार मीटरच्या भरतीच्या बातम्या वाचतो. पाणी इतकं वर जातं, तसंच खूप खालीही जातं, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. अंदमानात उधाणालासुद्धा भरती आणि ओहोटीतला फरक दोन मीटरच्या आसपास असतो. भांगाला तो आणखी आक्रसतो. आपल्याकडे अष्टमीला गेलात तरी थोडीफार खडपं उघडी मिळतात, तिकडे हात हलवत परत यावं लागतं.

याच्या पुढचं मला कुणी सांगितलं नव्हतं, पुढच्या सहा महिन्यांत चडफडत कोष्टकं चाळताना ते माझं मलाच दिसलं. उधाण येतं अमावास्या-पौर्णिमेला, नेमकं बोलायचं तर त्यानंतर एक-दोन दिवसांनी. त्या दिवसांत सूर्य, चंद्र आणि पृथ्वी दर वेळी एकाच रांगेत असतात. म्हणून एखाद्या बंदरात उधाणाची ओहोटी वर्षभर जवळपास त्याच घड्याळी वेळेला येते. अंदमानात ती पडते दुपारी साडेतीन-चारच्या आसपास आणि पहाटे तशीच. म्हणजेच तिथे सकाळी दहाची सोयीस्कर ओहोटी दिसली की ती बहुतेक भांगाचीच समजायची. जी वेळ बघून मी खूश झाले होते, तीच वेळ मला सावध करत होती. हे वाक्य वाचून पुढे जाऊ नका, आपल्या तारखांचं कोष्टक काढा आणि पडताळून बघा.

लाज वाटण्याचं खरं कारण वेगळंच आहे. माझं आजोळ देवगडकडचं. आजी आयुष्यभर सुकतीला, म्हणजे ओहोटीला, कालवं काढायला गेली. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, हे गणित मला सातव्या वर्षी येत होतं: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. परत आल्यावर तिला फोनवर सगळं सांगितलं. ती आधी पोटभर हसली आणि म्हणाली, "गो बाय, अष्टमीक कोण कालवांक जाता?" एमएस्सीचं दुसरं वर्ष चालू होतं माझं.

पण सावध राहा, आजीचं पाऊणपटीचं गणित वेळेसाठी अंदमानात चालत नाही. ते कोकण किनाऱ्यापुरतं आहे. उधाण कुठल्या दिवसांत आणि भांग कुठल्या, एवढं तिथीवरून कुठेही कळतं. वेळ आणि उंची मात्र त्या बंदराच्या कोष्टकातूनच घ्या. सर्व्हे ऑफ इंडियाची कोष्टकं दरवर्षी निघतात, हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी संस्थेकडेही अंदाज मिळतात. फोनमधली फुकट अ‍ॅप्स मला पटत नाहीत. कुठल्या बंदराचा आकडा कुठे चिकटवतात ते कळत नाही, आणि जेटीवर नेटवर्क गेलं की हातात काहीच उरत नाही. कोष्टक छापून न्या.

उजेडाचाही हिशोब धरा. आपली प्रमाणवेळ साडेब्याऐंशी रेखांशाची, पोर्ट ब्लेअर जवळजवळ त्र्याण्णववर. चाळीस मिनिटांचा फरक तिथेच पडतो. डिसेंबरात पाचच्या सुमारास सूर्य बुडतो आणि मग झपकन अंधार होतो. उधाणाची ओहोटी चारला असेल तर तुमच्या हातात अडीच ते पावणेपाच एवढाच वेळ आहे. ओहोटीच्या आधी दीड तास पाण्याच्या मागे मागे आत जायचं आणि पाणी वळलं की बाहेर निघायला लागायचं. पहिल्या तासात ते फसवतं, जेमतेम चढतं. तिसऱ्या-चौथ्या तासात सगळ्यात जोरात चढतं. "अजून एकच क्वाड्रॅट" म्हणणारा मुलगा प्रत्येक गटात असतो. त्याच्यावर डोळा ठेवा.

त्या तीन दिवसांत बाकीच्यांनी काय केलं? काचेच्या तळाच्या बोटीतून भरतपूरला फोटो काढले आणि मुंबईला येऊन सीनियरांच्या जुन्या अहवालातली प्रजातींची यादी उतरवली. मला यावर उपदेश करायचा नाही, कारण पहिल्या रात्री तो अहवाल मीही उघडला होता. तीन पानं उतरवून झाल्यावर त्यात एक असा शंख दिसला की ज्याच्या नावाचं स्पेलिंग मागच्या चारही बॅचेसनी एकाच पद्धतीने चुकवलं होतं. तेव्हा वही मिटली. फोटो दाखवला की नाव सांगणारी अ‍ॅप्सही त्याच माळेतली. प्रवाळ ओळखायला त्याचा सांगाडा जवळून बघावा लागतो, प्रत्येक कपाची रचना बघावी लागते. पोराइट्स, अ‍ॅक्रोपोरा, फंजिया इथपर्यंत, म्हणजे वंशापर्यंत, खात्रीने पोचलात तरी पुष्कळ झालं. "पोराइट्स, प्रजाती अनिश्चित" असं लिहायला लाजू नका. परीक्षक त्याला हसत नाहीत.

मार्गदर्शकांबद्दल माझं मत कडू आहे, ते तसंच घ्या. प्रवाळांची सगळी लॅटिन नावं तोंडपाठ असलेले सर काही कामाचे नसतात, जर तिकीट काढायच्या आधी ते "तुला मोजायचंय काय आणि ते कधी दिसतं?" एवढं विचारत नसतील. आमच्या सरांनी नाही विचारलं. त्यांच्यावर मी वर्षभर रागावले होते. आता तेवढी नाही. 22 पोरं, बोटीची तिकिटं, एकाला ताप, एकीचं आधार कार्ड हरवलेलं, हे सगळं मी स्वतः एकदा सांभाळून बघितलंय.

हो, मी परत गेले. तीन वर्षांनी, दुसऱ्या एका कॉलेजच्या गटाबरोबर मदतनीस म्हणून. या वेळी तारखांसाठी मी हट्ट धरला आणि तिकीट माणशी दोन-अडीच हजारांनी महाग पडलं म्हणून बोलणीही खाल्ली. पौर्णिमेनंतरचा दुसरा दिवस, ओहोटी चार वाजता, उंची 0.28. तोच लक्ष्मणपूरचा किनारा, आणि मला ओळखूच येईना. जिथे मी मांडीभर पाण्यात उभी राहिले होते तिथून पुढे लांबवर खडक, डबकी, काळ्या समुद्रकाकड्या (काकडीच्या आकाराचे मऊ प्राणी) पसरलेल्या. पोराइट्सचा एक गोल होता मेजाएवढा, वरून सपाट आणि मेलेला, कडेने जिवंत. असा प्रवाळ ओहोटीच्या रेषेच्या वर वाढू शकत नाही, वरचा भाग उन्हाने मरतो, म्हणून तो आडवा वाढत जातो. तिथलं पाणी किती खाली जातं, ते त्याने अंगावर लिहून ठेवलेलं असतं. उंचीचा एक आकडा किती मोठी गोष्ट आहे, हे अंदमानात आणखीही दिसतं. 26 डिसेंबर 2004 च्या भूकंपात पोर्ट ब्लेअरजवळ सिप्पीघाटची जमीन खचली आणि तिथल्या शेतात खारं पाणी शिरून बसलं. उत्तरेकडे उलट झालं, तळ उचलला गेला आणि प्रवाळ पाण्याबाहेर येऊन मेले. तेव्हा सिप्पीघाटवरून गाडी जाईल तेव्हा झोपू नका.

बाकीचं भराभर. पाय वाळूवर आणि तुटक्या तुकड्यांवरच ठेवा, प्रवाळावर कधीच नाही. शंकूच्या आकाराचा सुंदर शंख जिवंत असेल तर हात लावू नका, त्यातल्या काहींचा दंश जीवघेणा आहे. खाडीच्या तोंडाशी मगरीची पाटी असेल तर ती गंमत म्हणून लावलेली नसते. वंडूरच्या महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानात एकदा वापरायचं प्लास्टिक चालत नाही. क्वाड्रॅट पीव्हीसी पाइपचा करा, सुटा होणारा. लोखंडी सळीचा आमचा दुसऱ्या दिवशी गंजला आणि विमानतळावर त्याच्यावरून अर्धा तास गेला.

आणि नमुने. किनाऱ्यावर पडलेला प्रवाळाचा मेलेला तुकडासुद्धा खिशात टाकू नका. 2001 पासून सगळे कठीण प्रवाळ आणि समुद्रकाकड्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आहेत, आणि परतीच्या विमानतळावर बॅगा तपासतात. वनखात्याची लेखी परवानगी नसेल तर फक्त मोजा आणि फोटो काढा. फोटोत पट्टी ठेवा. पट्टी नसलेले माझे चारशे फोटो आहेत, कुणाला हवे असतील तर देते.

आता ज्यांची तिकिटं आधीच निघालीत आणि कालनिर्णय उघडून ज्यांच्या पोटात गोळा आलाय त्यांच्यासाठी. घाबरू नका. भांगाला प्रवाळी सपाटी मिळत नाही, पण किनारा काही फक्त सपाटीचा नसतो. भरतीच्या रेषेच्या आसपास खडकांवर नेराइट शंख आणि बार्नॅकल्स (खडकाला चिकटून राहणारे कवचवाले प्राणी) पट्ट्यापट्ट्यांनी बसलेले असतात. ते भांगालाही दिसतात आणि खालून वर मोजत गेलं की विभागणीचा नीट आलेख निघतो. कांदळवनाच्या कडेला झाडांवर चढलेले शंख असतात. आणि रात्री वाळूवर जमिनीवरचे हर्मिट खेकडे निघतात, शेकड्यांनी.

मी शेवटच्या दोन रात्री तेच मोजले. भरतीच्या रेषेपासून झाडीपर्यंत दोरी टाकली, दर दोन मीटरवर एक क्वाड्रॅट, आत किती खेकडे आणि कुठल्या शंखात शिरलेत ते. टॉर्चला लाल जिलेटिन लावलं, पांढऱ्या उजेडाने ते पळतात. दुसऱ्या रात्री मैत्रीण झोपली म्हणून वही तोंडात धरून एकटीने मोजलं. तोंडी परीक्षेत बाहेरच्या मॅडमनी बाकी काही न विचारता आधी विचारलं, ओहोटीची उंची किती होती? मी म्हटलं, 0.9. त्यांनी चष्म्यावरून बघितलं, म्हणाल्या, "मग प्रवाळ कसे मोजलेस?" मोजले नाहीत, म्हटलं. खेकडे मोजलेत. त्या म्हणाल्या, दाखव.