रॅममध्ये ड्राइव्ह कसा बनवावा

जुनी पुस्तकं स्कॅन करून ओसीआरने, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या प्रोग्रामने, मजकूर काढायचं काम मी करतो. ए-फाइव्ह आकाराचं एक पान ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके), ग्रेस्केलमध्ये (फक्त करड्या छटांत), कॉम्प्रेस न करता साठवलं तर सुमारे ४.३ एमबी होतं. ३०० पानांचं पुस्तक म्हणजे १.३ जीबी. पानं सरळ करणं, कडा कापणं, डाग काढणं, प्रत्येक टप्प्याला फायलींचा नवा ढीग तयार होतो आणि जुनी हार्डडिस्क घरघरत राहते. हा मधला पसारा रॅममध्ये, म्हणजे संगणकाच्या वेगवान पण तात्पुरत्या मेमरीत, ठेवला की काम झपाझप उरकतं. त्यासाठी रॅमचाच एक तुकडा ड्राइव्ह म्हणून वापरायचा.

आधी रॅम किती मोकळी आहे ते बघा. रोजचे प्रोग्राम उघडे ठेवून कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग मेमरी. तिथे 'अव्हेलेबल'समोरचा आकडा महत्त्वाचा. त्याच्या निम्म्याहून जास्त घेऊ नका. रॅम अपुरी पडली की विंडोज तिच्यातला माल डिस्कवर हलवतं आणि संगणक पहिल्यापेक्षाही मंदावतो. एकूण ४ जीबीच रॅम असेल तर या वाटेला जाऊच नका.

विंडोजमध्ये ही सोय तयार मिळत नाही. 'इमडिस्क टूलकिट' हे मोफत साधन सोर्सफोर्ज या सॉफ्टवेअरच्या साइटवर आहे. ते उतरवा, झिप उलगडा, आतली इन्स्टॉलची फाइल चालवा.

मग स्टार्ट मेन्यूतून 'रॅमडिस्क कॉन्फिगरेशन' उघडा. साइझ २ जीबी, ड्राइव्ह लेटर आर, फाइल सिस्टिम एनटीएफएस. 'अलोकेट मेमरी डायनॅमिकली'वर टिक केली तर फायली येतील तशी रॅम घेतली जाते, नाहीतर सगळे २ जीबी आधीच राखून ठेवले जातात. ओके म्हणा. 'धिस पीसी'मध्ये नवा ड्राइव्ह दिसेल.

आता सगळ्यात कळीची गोष्ट. वीज गेली किंवा संगणक रीस्टार्ट झाला की या ड्राइव्हवरचं सगळं पुसलं जातं. एका दुपारी लाईट गेली आणि माझी साफ केलेली १८० पानं गेली. मूळ स्कॅन हार्डडिस्कवर होते म्हणून निभावलं. तेव्हापासून मी मूळ फायली तिथून हलवत नाही; ओसीआर प्रोग्रामचा फक्त आउटपुट फोल्डर आर ड्राइव्हवर देतो आणि एक प्रकरण झालं की लगेच हार्डडिस्कवर कॉपी करतो. पुन्हा बनवता येईल तेवढंच इथे ठेवावं.

विंडोजचा टेम्प फोल्डर, म्हणजे प्रोग्रामच्या तात्पुरत्या फायलींची जागा, इकडे वळवायचा मोह होईल. तो टाळा. काही इन्स्टॉलर रीस्टार्टनंतर तिथल्याच फायली शोधतात. फोटोशॉपचा स्क्रॅच डिस्कही (रॅम पुरेनाशी झाली की तो वापरतो ती डिस्कवरची जागा) इथे नको. त्यापेक्षा फोटोशॉपलाच जास्त रॅम द्या.

वेगाचं म्हणाल तर हार्डडिस्क सेकंदाला १००-२०० एमबी देते, साटा एसएसडी (साटा केबलने जोडलेला, चिपवर साठवणारा ड्राइव्ह) ५००च्या आसपास, रॅम कितीतरी हजार. पण एनव्हीएमई, म्हणजे साटाहून बराच वेगवान प्रकारचा, एसएसडी असेल तर फरक फारसा जाणवणार नाही, मग एवढा खटाटोप करू नका.

लिनक्सवाल्यांना काहीच बसवावं लागत नाही. 'डेव्ह' फोल्डरमधला 'एसएचएम' रॅममध्येच असतो आणि सहसा एकूण रॅमच्या निम्म्यापर्यंत भरू देतो. तिथे फोल्डर करून कामाला लागा.

काम संपलं की हवं ते कॉपी करून घ्या आणि रॅमडिस्क कॉन्फिगरेशनमधूनच ड्राइव्ह अनमाउंट करा. अडकलेली रॅम लगेच मोकळी होते.