वायर किती जाड घ्यायची: घर आणि गाडी, दोन्हीकडे काम केल्यावर कळलेल्या गोष्टी

वायरिंग शिकायला येणाऱ्या मुलांना पहिल्या दिवशी एक तक्ता हवा असतो, अमुक लोडला, म्हणजे वीज खाणाऱ्या उपकरणाला, अमुक वायर. तक्ता वाईट नाही, मीही बघतो, पण घरातला तक्ता घेऊन गाडीत हात घातला की फसगत होते आणि ती का होते हे कळलं तर निम्मं काम आलं असं मी मानतो.

आधी नंबरचा घोळ मिटवू. गेज म्हणजे तारेच्या जाडीचा नंबर, आणि हा नंबर जितका लहान तितकी तार जाड. अमेरिकन गेजमध्ये नंबर तीनने कमी झाला की तांबं जवळपास दुप्पट होतं, ब्रिटिश गेज वेगळं, त्यातला १४ अमेरिकन १४ पेक्षा चांगलाच जाड असतो. म्हणून मी सरळ स्क्वेअर एमएममध्येच, म्हणजे तारेच्या कापलेल्या तोंडाच्या क्षेत्रफळातच बोलतो. अमेरिकन १४ म्हणजे साधारण २, १२ म्हणजे ३.३ आणि १० म्हणजे ५.३ स्क्वेअर एमएम.

घरात वॅटला व्होल्टने भागायचं, २३० व्होल्टवर ३००० वॅटचा गीझर असेल तर १३ अँपिअर झाले. लाइटला १.५, सॉकेटला २.५, मोठा गीझर किंवा एसी असेल तर ४ स्क्वेअर एमएम, हे सगळ्यांचे सवयीचे आकडे आहेत. इथे मुख्य प्रश्न वायर किती गरम होणार हा. करंट दुप्पट झाला की उष्णता चौपट होते, आणि साध्या पीव्हीसीच्या वायरला ७० डिग्रीच्या वर नेऊ नये. एकाच पाइपात सात-आठ लोडच्या वायर कोंबल्या तर उष्णता बाहेर पडायला जागाच नाही, मग तीच २.५ ची वायर तक्त्यातला करंट घेऊ शकत नाही. गुंडाळलेल्या एक्स्टेंशनवर हीटर लावला की तेच होतं, म्हणून केबल पूर्ण उलगडायची, कंटाळा करायचा नाही.

आणि एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप बंद पडणारा स्विच, हा वायर वाचवायला असतो, ही गोष्ट मनात पक्की बसवा. सारखा ट्रिप होतोय म्हणून १.५ च्या वायरवर ३२ अँपिअरचा एमसीबी बसवलेला मी पाहिलाय, तिथे आता वायर भिंतीत वितळली तरी एमसीबी शांत बसेल. आधी वायर, मग वायरला झेपेल तेवढाच एमसीबी.

आता गाडी. वरचाच १३ अँपिअर घ्या आणि २.५ चीच वायर. घरात गीझर १० मीटरवर असेल तर जाऊन-येऊन २० मीटर वायर झाली, त्यात साधारण १.८ व्होल्ट पडतात, म्हणजे वाटेत वायरमध्येच जातात, २३० पैकी एक टक्कासुद्धा नाही. गाडीत फक्त ५ मीटर लांब काहीतरी चालवा, जाऊन-येऊन १० मीटर, पडतात ०.९ व्होल्ट, पण हे १२ पैकी गेले, म्हणजे साडेसात टक्के. वायर हाताला गरमही लागणार नाही आणि तरी पंप मंद चालेल, दिवा पिवळट दिसेल. फिलामेंटच्या बल्बला १० टक्के व्होल्टेज कमी मिळालं तर उजेड ३० टक्क्यांच्या आसपास घटतो. म्हणून गाडीत मी आधी लांबी मोजतो, मग व्होल्टेज किती पडेल ते काढतो, गरम होण्याचं सगळ्यात शेवटी बघतो.

हे मोजायचं कसं, तर लोड चालू ठेवून. नवीन मुलं बल्बची पिन काढतात, मीटर लावतात, बारा व्होल्ट बरोबर येतात आणि वायर चांगली आहे म्हणून मोकळी होतात. करंटच वाहत नसेल तर व्होल्टेज पडणार कुठून? दिवा पेटलेला असताना मीटरचं एक टोक बॅटरीच्या प्लसला आणि दुसरं दिव्याच्या प्लसला लावा, जो आकडा येईल तेवढं वाटेत गेलं. तसंच मायनसकडेही बघा. गाडीत परतीचा रस्ता बऱ्याचदा चेसिसमधून, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्यातून असतो आणि मायनस सांगाड्याला जोडणारा अर्थचा बोल्ट गंजलेला असेल तर जाड वायर टाकूनही काही उपयोग होत नाही, माझ्या कामात वायरपेक्षा हा बोल्टच जास्त वेळा सापडलाय.

फ्यूज बॅटरीच्या जितका जवळ बसेल तितका जवळच बसवा. बॅटरी शॉर्ट झाली की शेकडो अँपिअर देते आणि फ्यूजच्या आधीच्या वायरला कोणीच वाली नसतो. मोठ्या दिव्यांना रिले, म्हणजे थोड्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच, लावा, म्हणजे डॅशबोर्डच्या स्विचकडे बारीक वायर नेली तरी चालते आणि जाड वायर बॅटरीकडून रिलेमार्गे सरळ दिव्याकडे जाते. गाडीत एकसंध तार अजिबात नको, हादऱ्यांनी तुटते, बारीक बारीक तारांची मल्टीस्ट्रँडच घ्या आणि वायरच्या टोकाचा लग, म्हणजे धातूचा जोड, नीट क्रिम्प करा, म्हणजे दाबून घट्ट बसवा.

विकत घेताना वरची जाडी बघून भुलू नका, इन्सुलेशन जाड आणि आत तांबं कमी असा माल खूप असतो. एक तार काढून चाकूने खरवडा. वरून तांबडी आणि आतून पांढरी निघाली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची वायर, तिला त्याच करंटसाठी बरीच जाड घ्यावी लागते आणि घराच्या वायरिंगमध्ये मी ती वापरतच नाही. उलट वरून पांढरी आणि आतून तांबडी असेल तर टिनचा मुलामा दिलेलं तांबं आहे, ओलावा असेल तिथे आणि गाडीच्या इंजिनजवळ मी बिनधास्त तीच टाकतो, फक्त इन्सुलेशन जास्त तापमान सोसणारं आहे का एवढं वायरवरच्या छापावर बघून घेतो.