पूर्वजांना घरी पाठवण्याचं काम : या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्यांसाठी

पुण्यात डेक्कन कॉलेजमध्ये मी हाडांवरून वय, लिंग, आजार ओळखायला शिकले. आता अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या संग्रहालयात मी नॅगप्राचं, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांच्या पूर्वजांचे अवशेष आणि वस्तू परत देण्याच्या कायद्याचं काम करते, आणि तिथे ते कौशल्य क्वचितच लागतं. इकडे यायचं मनात असलेली मुलं विचारतात, कोणते कोर्स घेऊ? मी सांगते, जुने कागद वाचायला शिका आणि मध्ये न बोलता ऐकायला शिका.

नॅगप्रा हा 1990 चा अमेरिकी कायदा. केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या संग्रहालयांनी नेटिव्ह अमेरिकन आणि मूळ हवाईयन पूर्वजांचे अवशेष, त्यांच्यासोबत पुरलेल्या वस्तू, धार्मिक विधींच्या वस्तू आणि साऱ्या समाजाच्या मालकीच्या वस्तू यांच्या याद्या करायच्या, जमातींशी बोलायचं आणि हक्क सांगितला गेला की त्या परत द्यायच्या. कलमं वाचण्याआधी मारिया पिअर्सन यांच्याबद्दल वाचा. 1971 मध्ये आयोवात रस्त्याच्या कामात जुनं कब्रस्तान निघालं. 26 गोऱ्या लोकांचे अवशेष दुसरीकडे सन्मानाने पुरले गेले. एक नेटिव्ह बाई आणि तिचं मूल मात्र तपासणीसाठी प्रयोगशाळेत पाठवलं गेलं. यँक्टन या नेटिव्ह जमातीच्या पिअर्सन थेट गव्हर्नरना जाऊन भेटल्या. पुढचं सगळं त्या संतापातून उभं राहिलं आहे, आणि तो संताप मला आजही रास्त वाटतो.

आमचा बहुतेक दिवस नोंदवह्यांत जातो. शंभर वर्षांपूर्वीच्या नोंदीत कुणाच्या तरी शेताचं नाव आणि ‘डॉक्टरांकडून भेट’ एवढंच असतं. ते शेत कोणत्या काउंटीत, तो डॉक्टर तिथे कधी राहत होता, त्याने संचालकांना लिहिलेली पत्रं कोणत्या खोक्यात आहेत, हे शोधत बसावं लागतं. त्यात एकाच कबरीतल्या गोष्टी दोन-तीन संस्थांत विखुरलेल्या असतात. न्यू मेक्सिकोतल्या पेकॉस या जुन्या नेटिव्ह गावात पुरातत्त्वज्ञ आल्फ्रेड किडर यांनी 1915 ते 1929 उत्खनन केलं; हाडं हार्वर्डच्या पीबॉडी संग्रहालयात गेली आणि वस्तू अँडोव्हरच्या संग्रहालयात. पेकॉसचे उरलेले रहिवासी 1838 मध्ये हेमेझ प्वेब्लो या दुसऱ्या नेटिव्ह गावात राहायला गेले होते, म्हणून त्यांच्या वतीने हेमेझचे लोक उभे राहिले. 1999 मध्ये जवळपास 2000 पूर्वज परत गेले आणि पेकॉसच्याच मातीत पुरले गेले. एवढी वर्षं ते कपाटांत का होते, याचं समाधानकारक उत्तर मला कुणीही दिलेलं नाही.

जानेवारी 2024 पासून नवे नियम लागू झाले. पूर्वी ‘कोणत्या जमातीचे हे ठरवता येत नाही’ असा शेरा मारून अवशेष अडकवून ठेवता येत. तो वर्गच आता नाही. प्रदर्शन किंवा संशोधनाआधी जमातीची संमती लागते आणि जमातीचं पारंपरिक ज्ञान पुरावा म्हणून मानावं लागतं. याच सुमारास न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीने नेटिव्ह वस्तूंची दोन दालनं बंद केली. याद्या नव्याने करायला पाच वर्षांची मुदत आहे, त्यामुळे सध्या माणसांची गरज आहे.

जमातीचे प्रतिनिधी येतात तेव्हाची तयारी कुठल्या अभ्यासक्रमात नीट शिकवत नाहीत. औषधी वनस्पतींची धुरी द्यायची असेल तर धुराचा अलार्म आधी बंद करून घ्यावा लागतो. काही वस्तूंचे फोटो काढायचे नसतात, काहींना बायकांनी हात लावायचा नसतो. मी तेव्हा बाजूला सरते. आपल्या देवघरातले सोवळ्याचे नियम पाहुणा कारण न विचारता पाळतो, तसंच हेही. आणि एक धोका लक्षात ठेवा: जुन्या संग्रहालयांनी कीड लागू नये म्हणून वस्तूंवर आर्सेनिक, पारा वापरलेला असतो. परत गेलेली वस्तू अंगावर घातली जाणार, तोंडाजवळ जाणार. माहीत असलेली प्रत्येक फवारणी सांगणं बंधनकारक आहे. ते टाळणाऱ्याने या कामात राहू नये.

न्यू मेक्सिकोतल्या झूनी जमातीच्या अहायूदांचं उदाहरण प्रत्येक नवख्याने समजून घ्यावं. या लाकडी युद्धदेवता साऱ्या समाजाच्या, कुणी एकाने विकाव्यात अशा नाहीत. 1978 पासून झूनींनी त्या परत मागायला सुरुवात केली. परत आलेल्या मूर्ती उघड्या देवस्थानात ठेवतात आणि ऊनपावसात झिजू देतात, कारण तेच त्यांचं कार्य आहे. जतनाचं शिक्षण घेतलेल्याला हे सुरुवातीला जड जातं. पण निर्णय आपला नाही.

नोकरीबद्दल थोडक्यात: अमेरिकी सरकारी पदांना बहुधा नागरिकत्व लागतं, म्हणून विद्यापीठांची संग्रहालयं बघा. या कायद्याचं काम पाहणाऱ्या नॅशनल पार्क सर्व्हिस या सरकारी संस्थेचं प्रशिक्षण घ्या. फेडरल रजिस्टर या अमेरिकी सरकारी राजपत्रातल्या नॅगप्राच्या सूचना रोज वाचा. युक्तिवाद कसा मांडतात ते तिथेच कळतं.

भारतात परतायचं असेल तर नागा लोकांचा प्रश्न अभ्यासा. ऑक्सफर्डच्या पिट रिव्हर्स संग्रहालयात नागा पूर्वजांचे अवशेष आहेत, आणि 2024 मध्ये इंग्लंडमध्ये एका नागा कवटीचा लिलाव विरोधामुळे मागे घ्यावा लागला. तिथे अवघड प्रश्न आहेत: एका गावाने लढाईत दुसऱ्या गावातून कापून आणलेलं शिर कुणाला द्यायचं? आज बहुसंख्य नागा ख्रिस्ती आहेत, मग विधी कोणते? हे नागा समाजानेच ठरवायचं आहे. पण ब्रिटिश अधिकाऱ्यांचे कागद वाचून कोणती कवटी कोणत्या गावातून गेली हे शोधायला माणसं लागतील, आणि ते काम पुण्यात शिकलेल्या मुलीलाही करता येईल.