शेकाट्याचा पांढरा रंग हातचा जाऊ नये म्हणून

कोल्हापूरच्या कळंबा तलावाच्या काठी शेकाट्या हा पक्षी दिसणं काही अवघड नाही. लांबलचक गुलाबी पाय, सुईसारखी बारीक चोच, पांढरं अंग, काळे पंख. नवख्यालाही पहिल्याच दिवशी ओळखू येतो. अवघड आहे तो त्याचा फोटो. घरी येऊन स्क्रीनवर उघडावा तर छाती उडालेली, म्हणजे नुसती पांढरीफटक, पिसाचं नावही नाही. ती वाचवायला फोटो अंधारा काढावा तर पाठ म्हणजे नुसता डांबराचा गोळा. वर पोटावर केंदाळाची (जलपर्णीची) हिरवी झाक. मग रात्री उशिरापर्यंत सॉफ्टवेअरमधल्या स्लायडरची ओढाओढ चालते आणि शेवटी पक्षी निळसर होतो.

या सगळ्यावर माझा तोडगा एकच: पक्ष्याच्या अंगावरचा पांढरा भाग हीच मोजपट्टी धरा. उजेड त्याच्यावर मोजा, रंगही त्याच्यावर तपासा. तुतवार, चिखल्या, टिटवी, सगळ्यांच्या अंगावर कुठे ना कुठे पांढरा असतोच. शेकाट्यावर तो भरपूर आहे, म्हणून सराव त्याच्यावर करावा.

आधी वेळ आणि बाजू

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा हंगाम. पाहुणे पक्षी आलेले असतात आणि पाणी हळूहळू मागे सरून चिखलाचा पट्टा उघडा पडायला लागतो. जानेवारीत आपल्याकडे सूर्य सातच्या सुमारास उगवतो. तिथून पुढचा तास-दीड तास कामाचा. ऊन तिरपं असतं, पक्ष्याच्या डोळ्यात चमक येते आणि पांढऱ्या पिसांवर बारीक सावल्या पडतात. डोक्यावरच्या उन्हात हीच पिसं सपाट दिसतात.

सूर्य पाठीशी ठेवा. कोल्हापुरातल्याच रंकाळा तलावावर सकाळी शहराच्या बाजूच्या काठावर उभं राहिलात तर ऊन आपोआप मागून येतं. संध्याकाळी त्याच जागेवरून मावळतीकडे तोंड होतं; तेव्हा सावलीचित्रं काढा, रंगाची अपेक्षा ठेवू नका.

साडेनऊ-दहानंतर काठावरची काळी माती तापते आणि जमिनीलगतची हवा लहरायला लागते. डोळ्याला ते फारसं जाणवत नाही, पण ४०० एमएमच्या लेन्समधून पक्ष्याची कड पाण्यात बुडवल्यासारखी विरघळलेली दिसते. लोक लेन्स दुरुस्तीला टाकतात, फोकस बिघडला म्हणतात. बिघडलेलं काहीच नसतं. यावर ना महाग लेन्सचा उपाय, ना सॉफ्टवेअरचा. जवळचा पक्षी मिळाला तर घ्या, नाहीतर कॅमेरा पिशवीत घाला आणि मिसळ गाठा.

खाली बसा

बांधावर उभं राहून काढलेल्या फोटोत पक्ष्याच्या मागे लगेच चिखल येतो आणि चिखलातलं प्लॅस्टिकही. पक्ष्याच्या डोळ्याच्या पातळीला आलात की मागे येतो थेट पलीकडचा काठ, तोही धूसर. खताचं रिकामं पोतं अंथरा, लेन्सखाली तांदळाची छोटी पिशवी ठेवा, झालं. काळ्या मातीत ट्रायपॉडचे पाय रुततात, त्यापेक्षा हे बरं. बसल्यावर पक्ष्यामागे सरकत जाऊ नका. शेकाट्या चरत चरत काठाने पुढे येतो. तुम्ही हलला नाहीत तर तोच जवळ येतो. मान ताठ करून ओरडायला लागला की तुम्ही फार जवळ गेलात असं समजा. उन्हाळ्यात शेकाटे आणि टिटव्या उघड्या जमिनीवरच अंडी घालतात, तेव्हा कोरड्या पडलेल्या पात्रात फिरणंच टाळा.

कॅमेऱ्याची मांडणी

फाइल रॉमध्ये (कॅमेऱ्याने टिपलेली कच्ची फाइल) घ्या, नेहमीच्या जेपेगमध्ये नको. जेपेगमध्ये उडालेला पांढरा परत येत नाही. रॉमध्ये थोडा तरी येतो.

मोड मॅन्युअल. कारण साधं आहे. पक्ष्यावर पडणारं ऊन तेवढंच असतं, पण तो कधी काळपट पाण्यासमोर असतो, कधी चकाकत्या चिखलासमोर. ऑटोवरचा कॅमेरा मागचं दृश्य बघून उजेड बदलत बसतो. काळं पाणी मागे आलं की तो फोटो उजळ करतो आणि छाती उडते. म्हणून उजेड एकदाच ठरवा: सुरुवातीला आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ८००, शटर १/१६०० सेकंद, अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ ६.३. एक फोटो काढा आणि जास्त उजळलेला भाग लुकलुकवून दाखवणारी सोय चालू करून बघा. छाती लुकलुकत असेल तर ती थांबेपर्यंत शटरचा वेग वाढवत जा. थांबली की तिथेच राहा, आणखी अंधार करू नका. काळ्या पाठीलाही उजेड हवाच आहे. ऊन चढेल तसा आयएसओ ४०० वर आणा. ढग आले की पुन्हा मोजा.

चालणाऱ्या पक्ष्याला १/१००० पुरतं, चोच मारताना १/१६०० लागतं, उडताना १/२५००.

फोकस सतत पाठलाग करणारा ठेवा आणि ठिपका डोळ्यावर. हे सगळेच सांगतात, पण का ते आकड्यात बघा. फुल-फ्रेम (मोठ्या सेन्सरचा) कॅमेरा, ४०० एमएम, एफ ६.३ आणि पक्षी १० मीटरवर असेल तर स्पष्ट दिसणारी खोली जेमतेम २४ सेंटीमीटर असते. शेकाट्याची लांबी चोचीपासून शेपटीपर्यंत ३५ ते ४० सेंटीमीटर. म्हणजे तो तुमच्याकडे तोंड करून उभा असेल तर सगळा पक्षी धारदार येणं शक्यच नाही. आडवा उभा राहीपर्यंत थांबा, किंवा शेपूट धूसर गेली तरी चालेल असं ठरवा. डोळा मात्र गेला नाही पाहिजे.

निघण्याआधी एक काम: फोटोच्या दुकानात मिळणारं करडं कार्ड त्याच उन्हात धरून एक फोटो घ्या. पुढे रंग जुळवताना त्याच्यासारखा साक्षीदार नाही.

घरी आल्यावर रंग

सॉफ्टवेअरच्या आधी स्क्रीन. लॅपटॉपचा रात्रीचा पिवळा मोड बंद करा आणि ब्राइटनेस मध्यावर आणा. पूर्ण ब्राइटनेसवर दुरुस्त केलेला फोटो छापून आला की काळवंडलेला दिसतो.

फोटो दुरुस्तीचं लाइटरूम असेल तर उत्तम, नसेल तर डार्कटेबल फुकट मिळतं आणि कामाला पुरतं. व्हाइट बॅलन्सचा (उन्हाच्या रंगाची झाक काढण्याच्या सोयीचा) ड्रॉपर करड्या कार्डवर टेका, तीच सेटिंग बाकीच्या फोटोंना लावा. कार्ड विसरलं असेल तर ड्रॉपर छातीवर टेका, पण उन्हातल्या छातीवर. पोटावर कधीच नको. पोटावर खालच्या पाण्याचा उजेड परतून येतो. शेजारी केंदाळ असेल तर तो हिरवा, चिखल असेल तर तपकिरी. पोटावर ड्रॉपर टेकलात की सॉफ्टवेअर ती हिरवी झाक काढायला सगळ्या फोटोत जांभळट गुलाबी मिसळतं, आणि छाती गुलाबी होते. पोटाची झाक काढायची तर तेवढ्याच भागावर ब्रश फिरवा आणि टिंट किंचित मॅजेंटाकडे न्या. मी ती निम्मीच काढतो. पक्षी खरोखरच केंदाळाशेजारी उभा होता ना!

कार्डवर जुळवल्यावर सकाळचं सोनेरी ऊनही निघून जातं आणि फोटो दुपारचा वाटतो. मग तापमान तीन-चारशे केल्विनने वाढवा. आकडे तपासायचे तर कर्सर छातीवर न्या: लाल, हिरवा, निळा हे तिन्ही ० ते २५५ च्या मापात २३०-२४५ च्या आसपास, लाल किंचित वर आणि निळा किंचित खाली असला की सकाळ शिल्लक आहे. हिरवा सगळ्यात वर असेल तर गडबड आहे.

आता हायलाइट (उजळ भाग) खाली, शॅडो (गडद भाग) थोड्या वर. इथे घाई करू नका. शेकाट्याच्या नराची पाठ काळी आणि त्यावर हिरवट चकाकी असते, मादीची पाठ तपकिरीकडे झुकते. उठाव यावा म्हणून ब्लॅक्सचा (सगळ्यात काळ्या भागांचा) स्लायडर खाली ओढलात की मादीचा नर होतो. छोट्या पक्ष्यांत तर पायाच्या रंगावरच ओळख ठरते. लिटल स्टिंटचे पाय काळे, टेमिंक्स स्टिंटचे पिवळसर. वुड सँडपायपरचे पिवळसर, ग्रीन सँडपायपरचे गडद हिरवट. फोटो सुंदर करायच्या नादात पिवळा वाढवलात तर उद्या नोंदीत पक्षीच चुकतो. म्हणून एकूण सॅच्युरेशनला (सगळ्या रंगांच्या भडकपणाला) हात लावायचाच नाही. लागलंच तर व्हायब्रन्स (मुख्यतः फिके रंग उठवणारा स्लायडर), तेही जपून.

केंदाळाचा हिरवा डोळ्यावर येत असेल तर फक्त हिरव्या रंगाचं सॅच्युरेशन कमी करा, ल्युमिनन्सही (त्या रंगाचा उजळपणा) थोडा उतरवा. शेकाट्याच्या अंगात हिरवा नसल्यातच जमा, त्यामुळे त्याला धक्का लागत नाही. पाय हिरवट असलेल्या पक्ष्यांना मात्र मास्क लावून (तेवढा भाग झाकून) वगळा.

ऊसतोडीच्या दिवसांत पाचट पेटवलेली असते, वर धुकं. फोटो दुधाळ येतो. डीहेझ (धूसरपणा काढणारा स्लायडर) हाताशी आहे म्हणून पंचवीस-तीसवर नेऊ नका. रंग भडक होतात आणि सावल्या निळ्या पडतात. दहापर्यंत थांबा, मग व्हाइट बॅलन्स पुन्हा बघा. नॉइज (फोटोतले दाणे) आधी काढा, शार्पनेस सगळ्यात शेवटी आणि तोही पक्ष्यावरच. पाण्याला धार लावून काय मिळणार?

फाइल एसआरजीबीमध्ये (बहुतेक स्क्रीनना समजणारी रंगपद्धत) बाहेर काढा, नाहीतर काही फोनवर रंग मरतात. आणि ग्रुपवर टाकताना फोटो म्हणून न टाकता डॉक्युमेंट म्हणून टाका. व्हॉट्सअ‍ॅप फोटो दाबून लहान करतं, आणि छातीवरची जी बारीक पिसं वाचवायला पहाटे उठलात तीच आधी जातात.