जुना पिकअप कोणत्या सालचा? ठरवण्याआधी या चुका टाळा

खान्देशात जुन्या इलेक्ट्रिक गिटारी वाटतात तितक्या दुर्मिळ नाहीत. भुसावळच्या रेल्वे वसाहतीत एके काळी वाजलेल्या, ऑर्केस्ट्रा बंद पडल्यावर जळगाव-धुळ्यात माळ्यावर गेलेल्या, कुणाच्या मामांनी बोटीवरच्या नोकरीतून आणलेल्या गिटारी अधूनमधून खाली उतरतात. मग घरातलं कॉलेजचं पोर चार व्हिडिओ बघतं, स्क्रू ड्रायव्हर काढतं आणि ज्या खुणांवरून वय ठरलं असतं त्याच तासाभरात पुसून टाकतं.

पिकअप म्हणजे गिटारच्या तारांखाली बसवलेला, त्यांचा कंप विजेत बदलणारा चुंबकी भाग. त्याचं वय एका खुणेवरून ठरत नाही. स्टिकर, तार, बॉबिन (तार गुंडाळायची चौकट), डागकाम (सोल्डरिंग), पॉटवरचे (आवाज कमी-जास्त करायच्या नॉबखालच्या भागावरचे) आकडे हे सगळे एकच साल सांगत असतील तर ते मानावं. एकाचं जरी जुळलं नाही, तर आधी त्याचं कारण शोधावं.

साफसफाईने सुरुवात करणं

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. पिकअपच्या तळाचा जुना स्टिकर थिनर, पेट्रोल किंवा गंज काढायच्या स्प्रेने निघून जातो, आणि एकदा गेला की गेला. त्याहून मोठं नुकसान टोपण उघडताना होतं. गिब्सन या अमेरिकी कंपनीच्या हंबकरवरचं, म्हणजे तारेच्या दोन गुंडाळ्या असलेल्या पिकअपवरचं, धातूचं टोपण तळाशी दोन ठिकाणी डाग देऊन बसवलेलं असतं. कारखान्यातला तो डाग शाबूत असणं हा आत कुणी हात घातला नसल्याचा फार मोलाचा पुरावा आहे. नुसत्या कुतूहलापोटी तो वितळवू नका. शिवाय जुन्या बॉबिनचं प्लॅस्टिक उष्णतेने मऊ पडतं आणि वाकतं.

आधी फोटो काढा. उन्हाच्या थेट झोतात नको, खिडकीजवळच्या उजेडात. वरून, खालून, दोन्ही डाग जवळून, बाहेर येणारी वायर, आणि शेजारी मोजपट्टी. वायरचं टोक कुठे जोडलंय त्याचाही फोटो हवा.

स्टिकरवर विसंबणं

गिब्सनच्या सेथ लव्हर यांनी हंबकरच्या पेटंटसाठी २२ जून १९५५ रोजी अर्ज केला आणि पेटंट मिळालं २८ जुलै १९५९ रोजी. त्यावरून ‘पेटंट अप्लाइड फॉर’ छापलेला काळा स्टिकर म्हणजे १९५९ च्या आधीचा माल, असा हिशेब लोक मांडतात. कारखाना त्या हिशेबाने चालला नाही. हा स्टिकर १९५७ च्या सुमारास आला आणि पेटंट हातात पडल्यावरही साधारण १९६२ पर्यंत लागत राहिला. अगदी सुरुवातीच्या काही पिकअपवर तर स्टिकरच नाही.

पुढच्या स्टिकरवर नंबर आला: २,७३७,८४२. हा नंबर शोधला की गिटारवादक लेस पॉल यांच्या टेलपीसचं (तारांची खालची टोकं अडकवायच्या भागाचं) पेटंट निघतं, आणि बघणारा लगेच ‘डुप्लिकेट आहे’ म्हणून मोकळा होतो. हंबकरच्या पेटंटचा नंबर २,८९६,४९१ आहे हे खरं, पण टेलपीसचा नंबर गिब्सनने स्वतःच छापला होता. म्हणजे ‘चुकीचा’ नंबर दिसला म्हणून अस्सल पिकअप कवडीमोलाने देऊन टाकू नका.

उलट बाजूही लक्षात ठेवा. नकली स्टिकर सहज विकत मिळतात, म्हणून स्टिकर शेवटी बघायचा. टोपण आधीच कुणी काढलेलं असेल तर बॉबिनचा माथा बघा. साठच्या दशकाच्या मध्यापासून त्यावर इंग्रजी ‘टी’ अक्षराची खूण येते. खाली ‘पेटंट अप्लाइड फॉर’ आणि वर ‘टी’, असं असेल तर दोन्हींपैकी एक गोष्ट नंतरची आहे. बाहेर येणारी वायरही बोलते. त्या काळच्या गिब्सन हंबकरला जाळीचं आवरण असलेली, आत एकच तार असलेली वायर असते. चार रंगांच्या प्लॅस्टिक वायरी दिसल्या तर एक तर पिकअप नवा आहे, नाहीतर वायर बदललेली आहे.

आणि हेडस्टॉकवरचं, म्हणजे गिटारच्या मानेच्या टोकावरचं, नाव नीट वाचा. गिव्हसन ही आपली भारतीय कंपनी आहे. तिच्या गिटारींवर आपल्याकडची कितीतरी पोरं शिकली, त्यात कमीपणा काहीच नाही. पण जुन्या मालाच्या जाहिरातीत ती ‘गिब्सन’ होऊन येते, आणि त्या एका अक्षरात किंमत कित्येक पट बदलते.

मे महिन्यात मीटर लावणं

ही चूक खास आपल्या भागातली आहे, आणि तिच्याबद्दल फारसं कुणी सांगत नाही. पिकअप म्हणजे चुंबकाभोवती केसाइतक्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे, म्हणजेच कॉइल. तांब्याचा रोध, म्हणजे मीटरवर ओहममध्ये दिसणारा विजेचा अडथळा, दर अंश सेल्सियसला साधारण ०.३९ टक्के वाढतो. परदेशी तक्त्यांमधले आकडे बहुधा वीस अंशांच्या आसपासच्या खोलीत घेतलेले असतात. तिथे ७.६ किलो-ओहम दाखवणारा पिकअप भुसावळच्या ४४ अंशांच्या दुपारी ८.३ दाखवेल, आणि धुळ्याच्या डिसेंबरातल्या दहा अंशांच्या पहाटे ७.३. पिकअप तोच, आणि आकड्यात पूर्ण एका किलो-ओहमचा फरक. एवढ्यावरून लोक ‘हा जास्त वेढ्यांचा, दुर्मिळ’ किंवा ‘कुणीतरी परत गुंडाळलेला’ असे निष्कर्ष काढतात. गिटार सावलीतल्या खोलीत दोन-तीन तास राहू द्या, खोलीचं तापमान आकड्याशेजारी लिहून ठेवा, मगच तुलना करा.

मोजताना आणखी दोन गोष्टी बिघडतात. घामेजल्या बोटांनी मीटरची दोन्ही टोकं दाबून धरली की शरीराचा रोधही समांतर जोडला जातो आणि आकडा घसरतो. तसंच पिकअप सर्किटमध्ये असताना जॅकवर (केबल लावायच्या जागी) मोजलं तर व्हॉल्यूमचा पॉट मध्ये येतो. २५० किलो-ओहमच्या पॉटबरोबर सहा किलो-ओहमचा पिकअप ५.८६ दिसतो. स्विच मधल्या जागी असेल तर दोन पिकअप एकत्र मोजले जातात आणि आकडा निम्म्यावर येतो. तो बघून ‘कॉइल अर्धी गेली’ असं म्हणणारे मेकॅनिकही आहेत.

आकडा कितीही अचूक घेतला तरी त्यावरून साल ठरत नाही. जुने गिब्सन हंबकर साधारण सात ते नऊ किलो-ओहमच्या दरम्यान कुठेही सापडतात, आणि आजचे असंख्य पिकअपही तिथेच. मीटरचं खरं काम कॉइल जिवंत आहे की नाही हे सांगण्याचं.

पॉटचं साल पिकअपला लावणं

पॉटच्या पाठीवरचा आकडा वाचायला शिकाच. १३७६६३३ मध्ये १३७ म्हणजे सीटीएस कंपनी, ६६ म्हणजे १९६६ आणि ३३ म्हणजे तेहतिसावा आठवडा. ३०४ ने सुरू होणारे स्टॅकपोलचे. सहाच आकडे असतील तर सालाचा फक्त शेवटचा अंक दिलेला असतो. शेवटचे दोन आकडे ५२-५३ च्या वर गेले तर तुम्ही चुकीचा नंबर वाचताय.

पण या आकड्यावरून एवढंच कळतं की हे वायरिंग त्या आठवड्याच्या आधीचं नाही. फेंडर या दुसऱ्या गिटार कंपनीने १९६६ चे पॉट मोठ्या प्रमाणात घेतले आणि पुढची काही वर्षं वापरले. शिवाय पॉट हा बिघडणारा आणि बदलला जाणारा भाग आहे.

फेंडरच्या स्ट्रॅट (स्ट्रॅटोकास्टर) गिटारमध्ये पिकअपच्या तळाच्या फायबर पट्टीचा रंग कामी येतो: १९६४ च्या सुरुवातीपर्यंत काळी, त्यानंतर साठच्या दशकाच्या अखेरीपर्यंत करडी. मात्र फेंडरनेच १९८२ पासून जुन्या धर्तीच्या स्ट्रॅट पुन्हा काढल्या. त्या पिकअपनाही आता चाळीस वर्षं होऊन गेली, धूळ आणि गंज त्यांच्यावरही तसाच चढलाय. जुनाट दिसतो म्हणून साठच्या दशकातला, असं होत नाही.

बंद कॉइल मोटर वाइंडिंगच्या दुकानात देणं

त्याआधी एक सांगतो, कारण कॉइल बंद पडण्याचं हेच कारण वारंवार दिसतं. जुन्या स्ट्रॅटमध्ये सहा चुंबकी दांड्या कमी-जास्त उंचीच्या असतात. त्या सारख्या करायला कुणीतरी दाबतं. त्या पिकअपमध्ये तार थेट दांड्यांभोवती गुंडाळलेली असते, त्यामुळे दांडी सरकली की आतली तार तुटते. उंची वेगळी आहे ती तशीच राहू द्या.

मीटर काहीच दाखवत नसेल तरी घाई नको. तार बऱ्याचदा कॉइलच्या टोकाशी, जिथे ती बाहेरच्या वायरला जोडली आहे तिथेच तुटलेली असते. भिंगाखाली बघा. टोक सापडलं तर एका बारीक डागात काम होतं आणि मूळ वाइंडिंग वाचतं.

रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यात मोटर वाइंडिंग करणारे कारागीर गावोगाव आहेत आणि त्यांचा हात कसलेला आहे. पण पिकअपची तार बहुधा ०.०६३ मिलिमीटरची असते. मोटरच्या तारेचा ताण तिला सोसत नाही. पिकअप वाइंडिंग करणाराच माणूस गाठा, मग तो पुण्या-मुंबईत सापडला तरी चालेल. त्याला वेढे मोजायला सांगा. उतरवलेली जुनी तार मात्र परत मागून घ्या आणि डबीत घालून गिटारच्या केसमध्ये ठेवा. तिच्यावरच्या लेपाचा रंग, गडद जांभळट-तपकिरी की फिका नारिंगी, पुढे कुणाला साल ठरवायला लागेल, आणि पिकअप विकताना ‘परत गुंडाळला आहे’ हे सांगताना दाखवायलाही ती हवी.